हद्दीच्या अलीकडं टाकी फुल्ल

बंधूंनो, भगिनींनो, आणि ज्यांचा उजवा पाय जड आहे अशा समस्त पापी वाहनचालकांनो! अत्यंत गांभीर्यानं जाहीर करण्यात येतं की आमच्या घराण्यात आजवर कुणीही डिझेल वाया घालवलेलं नाही. आमच्याकडं सोनं हरवलं आहे, बांध शेजाऱ्यानं नांगरून खाल्ला आहे, एका चुलत्यानं संन्यास घेऊन तोसुद्धा अर्ध्यात सोडला आहे. परंतु डिझेल? कदापि नाही. उपस्थितांनी कृपया इंजिन बंद करून शांतता पाळावी.

माफ करा, ही माझी खोड आहे. आमच्या बेळगावात, टिळकवाडीत कुणाचा सत्कार असो, अनगोळात कुणाची एकसष्टी असो, माइक माझ्याच हातात देतात आणि परत मागायला विसरतात. कुठलीही गोष्ट मला आधी जाहीर करावी लागते, मगच सांगता येते. ही गोष्ट तर मी इतके दिवस जाहीरही केली नव्हती. कारण हिच्यात हशा पुष्कळ आहे, पण हसून झाल्यावर कुठं बघायचं ते मला अजून कळलेलं नाही.

गोष्ट माझ्या थोरल्या भावाची आहे. त्याला आम्ही अण्णा म्हणतो. त्याची मुलगीही त्याला अण्णाच म्हणते. एकत्र घरात वाढली, सगळे जे म्हणायचे तेच तिच्या तोंडात बसलं. अण्णानं तरुणपणी निपाणी ते सदलगा वडापची जीप मारली. आत बसतील तेवढी, मागं लोंबकळतील तेवढी माणसं घ्यायची आणि सुटायचं. त्या धंद्यात भाडं वाढवता येत नसे, माणसं आणखी कोंबता येत नसत; वाचवायचं ते तेलच. पुढं तो बेळगावला आला, अनगोळात घर केलं, जुनी डिझेल कार घेऊन भाडी मारू लागला. जीप गेली, पण जीपमधला अण्णा गेला नाही.

अण्णाचा पहिला धडा अंड्याचा. ॲक्सिलेटर आणि पाय यांच्यामध्ये अंडं आहे असं समजून दाबायचं. मला त्यानं गाडी शिकवायला घेतली तेव्हा संध्याकाळी माझ्या वहिनीला सांगितलं होतं, "आज ह्यानं एका पोल्ट्रीची अंडी फोडली." त्यानंतर मी स्कूटरवरच समाधान मानलं.

लांबवर लाल दिवा दिसला की पाय काढायचा, गाडी आपली आपण रांगत जाऊन पोचते. दिव्याला थांबलं की इंजिन बंद. क्लचवर पाय ठेवून बसणारा माणूस आणि दुसऱ्याच्या ताटात हात घालणारा माणूस त्याच्या लेखी सारखेच. चाकांत हवा नेमकी, एसी बंद, आणि मोठ्या रस्त्याला काचाही बंद, कारण वारा आत घुसून गाडीला मागं ओढतो. मे महिन्यात त्याच्या गाडीतून लग्नाला गेलेली माणसं नवऱ्यामुलापेक्षा जास्त घामेजलेली असत. डिकीत जादा वजन चालत नसे. वहिनीनं माहेराहून आणलेले नारळ त्यानं संकेश्वरच्या स्टँडवर तिच्या मामेभावाकडं ठेवून दिले होते. मला तर गाडीत बसण्याआधी तो घराच्या मागच्या बाजूला पाठवायचा. "जा, हलका होऊन ये," म्हणायचा.

यात चेष्टा होती, पण नुसती चेष्टा नव्हती. त्या वाचवलेल्या तेलावर त्यानं घर उभं केलं आणि पोरीला पुण्याला क्लासला ठेवलं.

आता पोरीचं सांगतो. आमची पोरगी मराठी शाळेत शिकली. इकडच्या, कर्नाटकच्या सरकारी नोकरीला कन्नड लागतं. तिला बाजारापुरतं, बसपुरतं येतं, परीक्षेच्या पेपरापुरतं येत नाही. म्हणून तिनं सगळी भिस्त पलीकडच्या, महाराष्ट्राच्या परीक्षेवर ठेवली. सीमाभागातल्या मुलांना तिकडं बसता येतं. ती बसली, थोडक्यात हुकली, परत बसली, परत हुकली. आणि मग वयाची मर्यादा जवळ आली. त्या रविवारची कोल्हापूरची परीक्षा तिला देता येण्यासारखी शेवटची होती. त्यानंतर तिला कुणी फॉर्मही भरू दिला नसता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

मी म्हटलं होतं, आदल्या दिवशीच कोल्हापूरला जाऊन राहू या. अण्णा म्हणाला, "कशाला? पहाटंच्या गार हवंत इंजिन खूश असतंय." मी म्हटलं, मग बसनं जाऊ दे तिला. त्यावर तो माझ्याकडं असा बघत राहिला की मीच विषय सोडला. बस आमच्याकडं कधी हद्दीवर अडकेल याचा नेम नसतो, हे खरंच. कुठंतरी कुणीतरी कुणाच्या तरी पाटीला काळं फासतं आणि दोन्हीकडच्या बसेस आपापल्या हद्दीत उभ्या राहतात. पण खरं कारण ते नव्हतं. पुस्तकातलं अण्णाला काही कळत नव्हतं. पोरीच्या परीक्षेत त्याला करता येण्यासारखं एकच काम होतं, तिला नेऊन पोचवणं. महिनाभर तो त्या रस्त्याबद्दलच बोलत होता. गाडीची हवा तपासून झाली होती, फिल्टर बदलून झाला होता, सीटचं कव्हरसुद्धा धुऊन झालं होतं.

आणि बेत ठरला होता. हा बेत नीट ऐका, कारण असला बेत फक्त आमच्या भागातला माणूसच करू शकतो. टाकीत तेल अगदी कमी ठेवून निघायचं, कारण तेलालाही वजन असतं. सगळे चढ हलक्या पोटानं चढायचे. तवंदीचा घाट उतरताना इंजिन बंद. मग निपाणी मागं टाकून, महाराष्ट्राची हद्द लागायच्या अलीकडं जो शेवटचा पंप आहे, तिथं टाकी फुल्ल. पलीकडं डिझेल महाग. अण्णानं जन्मात पलीकडं थेंबभर तेल टाकलेलं नव्हतं आणि त्याचा त्याला देवळातल्या नेमासारखा अभिमान होता. त्यात पुन्हा पहाटेचं तेल गार, म्हणजे घट्ट, म्हणजे मापात जास्त येतं, हेही होतंच.

पहाटे अनगोळातून निघालो. पोरगी पुढं बसली, मी मागं. तिच्या हातातली पुस्तकांची पिशवी अण्णानं दारातच उतरवून घेतली.

"अण्णा, वाटेत बघायला पायजेत."

"वाचलेलं डोक्यात हाय न्हवं? डोक्याचं वजन गाडीला लागत न्हाय."

ती हसली. त्या दिवसातलं ते तिचं शेवटचं हसू, असं मी आत्ता म्हणतो. तेव्हा मीही हसलोच होतो.

रस्ता रुंद करायचं काम चाललेलं. जिथं-तिथं वळवलेला रस्ता, मधे मातीचे ढीग, बाणाच्या पाट्या. अण्णा एका लयीत चालला होता. काकतीच्या पुढं तर ऊस उतरवून आलेला रिकाम्या ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेला. जाताना ड्रायव्हरनं वाकून आमच्याकडं बघितलं, गाडी बंद पडली की काय अशा काळजीनं.

"अण्णा, ट्रॅक्टर गेला रं," मी म्हणालो.

"जाऊ दे. ते मालकाचं तेल हाय, त्याच्या बाचं काय जातंय?"

पोरगी ओठातल्या ओठात काहीतरी घोकत होती. काचा बंद, एसी बंद. तिच्या कपाळावरचा घाम मला आरशात दिसत होता.

तवंदीचा घाट आला. वर पोचल्यावर अण्णानं गिअर काढला, चावी फिरवली, आणि सगळा आवाज थांबला. नुसती चाकं आणि वारा. उजाडत होतं, खाली निपाणीकडचा सपाट मुलूख धुक्यात दिसत होता. खोटं कशाला बोलू, ते सुंदर असायचं. लहानपणी ही पोरगी त्या उतारावर त्याच्या मांडीवर बसून "अण्णा, गाडी झोपली," म्हणायची. आता ती नुसती समोर बघत होती.

मी मागून नको तो शहाणपणा काढला. "अण्णा, तो सर्व्हिसिंगवाला काय म्हणत होता? ह्या गाड्या गिअरमध्ये ठेवून पाय काढला की आपोआप तेल तोडतात. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला तेल लागतंय."

"म्हणून तर मी चावीच बंद करतो."

"आणि बंद गाडीचा ब्रेक दगडागत होतोय, ते?"

"ब्रेक मारतोय कोण? ब्रेक मारणं म्हंजे जाळल्यालं तेल रस्त्यावर वतणं."

वळणावर समोर एक ट्रक सावकाश उतरत होता. अण्णानं दोन्ही पाय लावून ब्रेक दाबला तेव्हा त्याच्या मानेची शीर उठली. गाडी ऐकली, पण उशिरा ऐकली. तुम्ही हे करू नका, एवढं मात्र मी माइकवरून सांगतो.

निपाणी गेली. घड्याळ अजून आमच्या बाजूला होतं. परीक्षेचं फाटक नऊला बंद होणार होतं आणि रमतगमत गेलो तरी पोचू एवढा वेळ हाताशी होता. टाकीचा काटा लाल रेघेवर टेकला होता, तोही बेतानुसार.

आणि तो हद्दीवरचा पंप आला. पंपाबाहेर रांग होती, आणि रांगेत बहुतेक सगळ्या कोल्हापूरच्या नंबरच्या गाड्या. मी विसरलो होतो, अण्णाही विसरला होता, की जे गणित आपल्याला कळतं ते पलीकडच्यांनाही कळतं. रविवारी तिकडची माणसं बायकापोरं घेऊन हद्द ओलांडतात, इकडं टाक्या भरतात आणि परत जातात. रांगेच्या तोंडाशी तेलाचा टँकर उभा होता. तो रिकामा होईपर्यंत पंप बंद.

अण्णानं रांगेत गाडी लावली आणि इंजिन बंद केलं.

"किती वेळ?" त्यानं पंपावरच्या माणसाला विचारलं.

"झालंच की वो. थोडं थांबा."

हे 'थोडं' आमच्याकडं फार मोठं असतं. शेजारच्या गाडीतला गृहस्थ काच खाली करून हौसेनं म्हणाला, "आमचं दर रविवारी ठरलेलं हो. तुमच्याकडं तेल, येताना निपाणीत नाश्ता. तुमची मजा आहे राव, रोज स्वस्त!" मी माणसांना हसवण्यावर जगणारा माणूस, मी हसलो.

"अण्णा, मागं निपाणीत टाकू या," पोरगी म्हणाली.

"मागं? तेल जाळून तेल आणायला जायचं व्हय?"

"मग पुढं. कागलला पंप हाय की."

अण्णा स्टिअरिंगवरची धूळ बोटानं पुसू लागला. पोरगी गाडीतून उतरली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन कोल्हापूरच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. मी तिच्या मागं गेलो.

"तू जोरात सांग की गं. तुझं ऐकंल तो."

"ऐकंल की," ती म्हणाली. "पण मी ओरडले तर अण्णा घाबरंल, काका. घाबरला की त्याला गिअर सापडत न्हाई. आणि महिनाभर त्यानं... जाऊ दे. तुम्ही सांगा."

मग मी गेलो. खिडकीत वाकलो. "अण्णा, ऊठ. चल. पलीकडं टाकू."

"काट्यावर पुढं न्यायची? डिझेल गाडी हाय. टाकीच्या तळाचा गाळ ओढला, हवा धरली, तर रस्त्यातच बसंल."

"कागलपर्यंत जाईल रे. तिथं टाक."

त्यानं माझ्याकडं बघितलं. कंजूष माणसाचे डोळे मी पुष्कळ बघितलेत. ते तसले नव्हते. तो घाबरलेला होता. "आजच्या दिवशी?" तो म्हणाला. "आजवर मोडला न्हाय तो नेम आजच मोडू? तिच्या पेपरादिवशी?"

आणि मी खिडकीतून मागं सरकलो. मी, ज्याच्या हातातून माइक काढून घ्यावा लागतो तो मी. कारण त्या क्षणी मला त्याचं म्हणणं पटल्यासारखं वाटलं. आम्ही एकाच आईची लेकरं. घरातून निघताना मांजर दिसलं नाही म्हणून मीही मनात बरं म्हटलं होतंच.

टँकर गेला. रांग हलली. पुढच्यांच्या टाक्या भरेनात. आमचा नंबर आला तेव्हा ऊन चटकू लागलं होतं, आणि गार, घट्ट, मापात जास्त येणारं तेल कधीच कोमट झालेलं होतं. पोरीनं पंपावरच्या माणसाला वेळ विचारली. तिच्या हातात घड्याळ होतं, तरी विचारली. त्यानं सांगितली ती अण्णानं ऐकली.

मग जे झालं ते मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. अण्णानं पाय दाबला. अंडं, टोपली, कोंबडी, सगळं पायाखाली घेऊन दाबला. गाडी ओरडली. ती गाडी कधी ओरडलीच नव्हती. तिला बिचारीला ओरडता येतं हेही ठाऊक नसावं. दूधगंगेचा पूल कधी आला, कधी गेला कळलं नाही. कागलजवळ पुन्हा रस्ता वळवलेला, तिथं त्यानं धक्के न बघता घातली. त्यानं एसी लावला. कुणी सांगितलं नव्हतं. गार वारा आला आणि पोरीनं मान फिरवून खिडकीकडं केली.

"पोचतो गं," तो म्हणत होता. "पोचतोय बघ. आलं बघ."

शहरात सिग्नलनं धरलं. अण्णानं सवयीनं चावीकडं हात नेला आणि मधेच थांबवला. इंजिन चालू राहिलं. लाल दिव्यासमोर इंजिन चालू ठेवून बसलेला माझा भाऊ मी पहिल्यांदा तिथं बघितला.

आता इथं थोडा थांबतो. त्यानंतरचं आधी सांगून टाकतो, म्हणजे ते मागं राहणार नाही. पोरगी आता एका खासगी शाळेत शिकवते. तिथं कायम कुणी होत नाही, हे तिलाही माहीत आहे आणि शाळेलाही. बापाला ती दोषाचा एक शब्द बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं वहिनी म्हणते. गाडी अजून आहे. अण्णा भाडी मारतो. पण कुणाला अंड्याचा धडा देत नाही, टायरची हवा पंक्चरवाल्यानं सांगितली तरच तपासतो, डिकीत काय भरलंय ते बघत नाही. परवा गोवावेसच्या सिग्नलला मी त्याच्या शेजारी बसलो होतो. दिवा लाल झाला. इंजिन धडधडत राहिलं आणि तो समोर बघत बसला. मी मुद्दाम म्हणालो, "अण्णा, तेल जळतंय की रं." त्यानं मान हलवली. दिवा हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्न मारले, तरी तो निघाला नाही. मला वाटतं, एखाद्या माणसानं आयुष्यभर बरोबर मानलेली गोष्ट त्याच्या हातून एकदाच काढून घेतली, की मग त्याला द्यायला आपल्याजवळ काही उरत नाही. निदान माझ्याजवळ तरी उरलेलं नाही. मी विनोद करून बघितले. तो माझ्यासाठी हसतो, हे त्याहून वाईट.

तर, ते फाटक.

कॉलेजचं लोखंडी फाटक होतं आणि ते लागलेलं होतं. नुकतंच लागलं असावं, कारण आतल्या आवारात उशिरा शिरलेल्या दोन मुली पळत पायऱ्या चढताना दिसत होत्या. बाहेर आमच्यासारखी आणखी काही माणसं उभी होती. एक जण फोनवर कुणालातरी 'साहेब, साहेब' म्हणत होता. पोरगी गाडी थांबायच्या आतच उतरली, फाटकाच्या गजांना धरून उभी राहिली, आणि पायऱ्या चढणाऱ्या त्या दोघींकडं बघत राहिली. त्या आत गेल्या.

आत खुर्चीवर पहारेकरी होता. मध्यम वयाचा, दमलेला, चेहऱ्यानं वाईट नसलेला माणूस. मी माझा समारंभातला आवाज काढला. "महोदय," मी म्हणालो, "ही मुलगी सीमाभागातून, बेळगावहून, पहाटेची..."

"काका, माझ्या हातात नाही," तो म्हणाला. "कुलूपसुद्धा माझं नाही. किल्ली आत गेली."

मी पुढं बोलायला तोंड उघडलं. आत काही नव्हतं. वाक्य नव्हतं, शब्दही नव्हता.

अण्णा मागून आला. गाडी रस्त्याच्या मधोमध तशीच, दार उघडं, इंजिन चालू. त्यानं पोरीच्या शेजारी येऊन गज धरले. तिच्याकडं बघितलं नाही. पहारेकऱ्याकडं बघितलं, आणि त्याचा आवाज असा फुटला की रस्त्यावरची माणसं थांबली.

"साहेब, हळू मी चालवलो! पोरगी लई फास्ट हाय वो माझी!"